भाड्याचा निरोप्या

मनुष्य घराबाहेर पडला की त्याच्या पाठोपाठ घराची काळजीही बाहेर पडते. तो सुखरूप पोहोचला का, वेळेवर जेवला का, वाटेत पाऊस लागला का, हे कळण्यासाठी आपल्या आया पूर्वी पत्राची वाट पाहत. पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे आली आणि आपण मिनिटाचे पैसे मोजून आपल्या माणसाचा आवाज विकत ऐकू लागलो. आता मोबाईलने वाट पाहण्याचे कामच उरू दिलेले नाही. सीनेकाठच्या आमच्या नागापुरात औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेल्या मुलाची आई त्याला जेवणाच्या सुट्टीत फोन करते. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर, साम्रद, पाचनईच्या परिसरात, सह्याद्रीच्या कड्यांआड मोबाईलचा आवाज अजूनही कितीतरी ठिकाणी विरून जातो. हिमालयातील वाटांची तर गोष्टच वेगळी.

अशा ठिकाणी जाणारी तरुण मंडळी, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे आईवडील, एक प्रश्न विचारतात. थेट उपग्रहाशी बोलणारा फोन म्हणे आठवड्याच्या भाड्याने मिळतो. तो घ्यावा का? प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले आहेत: एक श्रद्धेचा, एक विवेकाचा आणि एक न्यायाचा.

आधी व्यवहार पाहू. मोबाईलला जवळपास मनोरा लागतो. उपग्रह फोनला आकाश लागते. इन्मरसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत. आवाज तेथवर जाऊन परत येण्यास पाव सेकंद लागतो, म्हणून बोलणाऱ्याने समोरच्याचे बोलणे पुरते होईपर्यंत थांबावे लागते. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. कोणताही फोन घेतला तरी त्याच्या आणि उपग्रहाच्या मध्ये आडोसा चालत नाही. साम्रदच्या सांदण दरीत, जेथे दोन कड्यांमधून आकाशाची केवळ एक पट्टी दिसते, तेथे हा महागडा फोनही बहुधा मुकाच राहील.

कॅनडाचा उत्तर भाग, अलास्का, ऑस्ट्रेलियाचा ओसाड अंतर्भाग येथे असे फोन प्रवाशांना सर्रास भाड्याने मिळतात. आपल्या देशात मात्र तसे नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी उपग्रह फोन वापरला होता, आणि त्यानंतर या यंत्रांवरील निर्बंध अधिकच कडक झाले. थुराया किंवा इरिडियमचा फोन परवानगीवाचून बाळगणे हा येथे गुन्हा आहे. भारत संचार निगमने मे २०१७ मध्ये इन्मरसॅटवर आधारलेली सेवा सुरू केली. ती मुख्यत्वे सुरक्षा दले, पोलीस, आपत्ती निवारण यांसारख्या शासकीय कामांसाठी असून दूरसंचार खात्याच्या अनुमतीने मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कॅनडाच्या एका पाहुणीला केवळ उपग्रहावरून संदेश पाठवणारे लहानसे यंत्र सामानात सापडल्यामुळे अडवण्यात आले. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातलगांनी सुट्टीत येताना असे यंत्र बरोबर आणू नये, हे त्यांना वेळीच कळवलेले बरे.

कोणी म्हणेल, जीव वाचवणाऱ्या वस्तूवर बंदी घालणारा कायदा पाळावा कशासाठी? आम्हांस वाटते, पाळावा. हा कायदा कोणाच्या तरी लहरीतून जन्मलेला नाही. त्याच्यामागे १६०हून अधिक निरपराध माणसांचे मृत्यू आहेत. आपल्या लेकराच्या सुरक्षेसाठी दुसऱ्यांच्या लेकरांचे रक्षण करणारा नियम मोडणे हे ख्रिस्ती प्रेमात बसत नाही. तथापि नियम बदलतात. जून २०२५ मध्ये स्टारलिंक कंपनीला आपल्या देशात उपग्रहसेवेचा परवाना मिळाला. उद्या असे फोन दुकानात सहज मिळू लागतीलही. तेव्हा घाईघाईने विचार करण्यापेक्षा तो आजच केलेला चांगला.

आता श्रद्धेचा प्रश्न. काही भाविकांना वाटते, प्रवासाला निघताना प्रार्थना केली, पवित्र मिस्सेत नाव घेतले, आता असली यंत्रे बरोबर नेणे म्हणजे परमेश्वरावर अविश्वास दाखवणे. हे बरोबर नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी घेण्यास सैतानाने सुचवले तेव्हा प्रभू येशूने नकार दिला, तो पित्यावरील विश्वास कमी होता म्हणून नव्हे. हाताशी असलेली पायऱ्यांची वाट टाळून देवदूतांची वाट पाहणे म्हणजे देवाची परीक्षा घेणे होय. संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टीला विवेक या सद्‍गुणाचाच भाग मानले आहे. संत पौलाचा रोमकडील प्रवास आठवा. जहाजावर २७६ माणसे होती. हंगाम टळला आहे, पुढे जाऊ नका, असे पौलाने क्रेत बेटावरच बजावले होते. वादळात सापडल्यावर, कोणीही दगावणार नाही असे आश्वासन त्याला देवदूताकडून मिळाले. तरीही खलाशी होडी घेऊन पळू पाहत असल्याचे दिसताच त्याने सैनिकांना सावध केले, कारण खलाशांवाचून जहाज किनाऱ्याला लागणार नव्हते. देवाचे वचन आणि खलाशांचे कसब यांत पौलाला विरोध दिसला नाही. तसाच प्रार्थना आणि फोन यांतही विरोध नाही.

श्रद्धेपेक्षा विवेकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. उपग्रह फोन कोणाला वाचवत नाही, हे आपण विसरतो. तो फक्त हाक मारतो. वाचवायला माणूसच यावा लागतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर घेऊन दऱ्यांत उतरतात, ते पगारासाठी नव्हे. अकोल्याच्या डोंगरात कोणाचा पाय मोडला तर पहिल्यांदा धावतात ते वाडीतले तरुण; तेच झोळी करतात, तेच खांदा देतात. तेव्हा फोन भाड्याने घेणारा केवळ एक यंत्र घेत नाही, तर अनोळखी माणसांच्या जिवावर एक हक्क सांगू लागतो. यंत्राचे भाडे तो भरतो. या हक्काचे भाडे कोणी ठरवलेले नाही.

म्हणून आम्ही तरुणांना एक कसोटी सुचवतो. हा फोन जवळ नसता तर आपण या दिवसांत, या वाटेने गेलो असतो का? भर पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढण्याचे धाडस केवळ फोन आहे म्हणून होत असेल, तर त्या धाडसाची किंमत आपल्याऐवजी दुसरा कोणी मोजणार आहे. येथे एक भेद मात्र केला पाहिजे. दुर्गम पाड्यावर रुग्णांना तपासण्यास जाणारी परिचारिका किंवा मरणासन्न माणसाला अखेरचा संस्कार देण्यास निघालेला धर्मगुरू फोनच्या भरवशावर एरवी न घेतलेला धोका पत्करील, तर ते योग्यच होईल. कारण तो धोका त्याने दुसऱ्यासाठी पत्करलेला आहे. मौजेसाठी निघालेल्याला तेवढी मोकळीक नाही. प्रवास आनंदासाठी करण्यात काहीच पाप नाही. परंतु आनंदाच्या तराजूत दुसऱ्याचे प्राण घालता येत नाहीत.

आईवडिलांनाही येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. संकटात हाक मारण्याची सोय असणे वेगळे आणि तासातासाला हजेरी मागणे वेगळे. प्रभू येशू पहाटे एकांतात प्रार्थनेला जात असे आणि शिष्य त्याला शोधत फिरत. मुलाला दोन दिवस डोंगराच्या शांततेत राहू द्यावे. त्याचा फोन येत नाही म्हणजे तो परमेश्वराच्या दृष्टीआड झाला असे नव्हे.

आता न्यायाचा प्रश्न, आणि आम्हांस तोच सर्वांत मोठा वाटतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. जगाला ही वार्ता प्रथम कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. जेथे गाव असायचे तेथे त्याला गाव दिसले नाही. आत अडकलेल्यांची हाक कोठेही पोहोचली नव्हती. याच आंबेगावच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या आर्वी येथे, सत्तरच्या दशकाच्या आरंभीच उपग्रहाद्वारे परदेशांशी बोलणारे विक्रम भू-केंद्र उभे राहिले होते. आपल्या सह्याद्रीच्या पायथ्यावरून सातासमुद्रापलीकडे आवाज जाऊ लागून चाळीस वर्षे लोटली होती, आणि डोंगरातील गावाचा आवाज तालुक्याच्या गावी पोहोचत नव्हता.

दोन दिवसांसाठी डोंगरात जाणाऱ्या आम्हांला आवाज पोहोचणार नाही याची धास्ती वाटते. तेथे जन्मभर राहणाऱ्या बाळंतिणीला, सर्पदंश झालेल्या गुराख्याला ती धास्ती रोजची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आपल्याला पुन्हा बजावले की, सृष्टीतील संपदा सर्वांच्या उपयोगासाठी निर्माण केलेली आहे. आकाशही त्या संपदेत येते. ज्याच्याजवळ भाडे आहे त्यालाच आकाशाने ओ द्यावी, हे निर्माणकर्त्याच्या मनात खचितच नसावे.

यावर मार्ग नाही असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशात जॉन फ्लिन नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकाने एकाकी कुटुंबांची हीच वेदना पाहिली. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने त्यांच्यासाठी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारे बिनतारी यंत्र तयार केले, आणि १९२८ मध्ये फ्लिन यांच्या प्रयत्नाने विमानातून येणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. ती आजही चालू आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी यंत्र जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशाच्या हाती नव्हे, तर तेथे राहणाऱ्या माणसाच्या घरात ठेवले. आणि हाक ऐकून निघणारा डॉक्टरही त्याच वेळी तयार ठेवला. दुर्गम वाड्यांतील ग्रामपंचायत, शाळा किंवा आशाताईच्या घरी संपर्काचे खात्रीचे साधन असावे ही मागणी आपण नागरिक म्हणून केली पाहिजे. ते साधन आले तर प्रवाशाचाही जीव त्यानेच वाचेल.

तोवर काय करावे? भाड्याचा फोन आज मिळत नाही, म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी वाट कोणती, मुक्काम कोठे, परतण्याची वेळ कोणती, हे लिहून घरी ठेवावे. पायथ्याच्या गावात थांबून तेथील जाणत्या माणसाला तेच सांगावे आणि उतरल्यावर त्याला भेटून जावे. गावातलाच वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. शिट्टी, विजेरी आणि ११२ हा क्रमांक लक्षात असावा. ही साधने स्वस्त आहेत, आणि त्यांत एक गुण असा की ती आपल्याला वाडीच्या दारात नेऊन उभी करतात. ज्याच्या ओसरीवर आपण पाणी प्यालो, तो आपल्यासाठी रात्री दिवा घेऊन बाहेर पडतो. आणि त्याच्या घरात कोणी आजारी असेल तर तेही आपल्याला कळते.

१९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी आपल्याच जिल्ह्यातील केंदळ येथून मासिक सुरू केले, तेव्हा त्याला 'निरोप्या' हे नाव दिले. निरोप्या म्हणजे दुसऱ्याचा शब्द घेऊन स्वतःच्या पायांनी चालणारा माणूस. आजचा निरोप्या ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे आणि त्याला भाडे देता येते, हे चांगलेच आहे. परंतु दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या कुमारिकांना आपले तेल ऐनवेळी उसने देता आले नाही, हेही आपण विसरू नये. फोन भाड्याने मिळेल. हाक ऐकून उठणारे मन ऐनवेळी भाड्याने मिळत नाही, ते आधीच घडवावे लागते. आपल्या कुटुंबांतून डोंगराकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला निघताना आपण आशीर्वाद देतोच. त्याबरोबर एवढेही सांगू या: बाळांनो, तुमची हाक कोण ऐकेल याची तजवीज जरूर करा, आणि वाटेत दुसऱ्या कोणाची हाक कानी आली, तर आपला रस्ता सोडून तिकडे वळा.