घेता येणं

॥ जय गुरुदेव ॥



मागच्या सत्संगात एक प्रश्न निघाला होता. कोणाचं काहीही न घेता जगणं हा सद्गुण म्हणायचा की अहंकार? वेळ संपली आणि प्रश्न तसाच राहिला. आमच्याकडे त्याचं शास्त्रोक्त उत्तर नाही. पण या आषाढात आमच्यावर जे गुदरलं, ते सांगतो. दोघांनी मिळून लिहिलंय म्हणून 'आम्ही'. जिथे वेगळं सांगावं लागेल तिथे 'हे' आणि 'ही' समजून घ्या.

निवृत्तीनंतर लडाखला जायचं, असं आमचं फार दिवसांपासून ठरलं होतं. एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि रीतसर परवानगी काढून तिच्यात घरच बसवलं. पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, डब्यांची फळी, देवाचा फोटो. पोहे, शेव, मेतकूट, लोणचं, सगळं बरोबर. ए.बी. रोडला लागलो तेव्हा दोघांच्या मनात एकच समाधान होतं, की आता कोणाच्या दारात उभं राहायला नको. हॉटेल नको, ओळखीच्यांचं घर नको, कोणाचे उपकार नकोत. ग्वाल्हेरला आतेभाऊ जेवायला बोलावत होता, त्यालाही टाळलं. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?

मनालीच्या पुढे अटल बोगदा लागतो. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, तेव्हापासून रोहतांगची चढण चढावी लागत नाही. पलीकडे निघालं की देखावाच बदलतो. झाडं विरळ होत जातात, उघडे डोंगर, खाली मातकट पाणी. तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि तिथून पुढे त्यांचं नाव चंद्रभागा. आषाढ महिना, वारी चालू, आणि आम्ही हिमालयात चंद्रभागेच्या काठी! दोघांचेही डोळे भरून आले. हात जोडले आणि निघालो.

इथेच चुकलो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. आम्ही वाचलंही होतं. केलाँगला किंवा जिस्पाला थांबायला हवं होतं. पण घर बरोबर होतं ना! कुठेही झोपू, अशी मस्ती. एकाच दिवसात मनालीहून थेट झिंगझिंगबार गाठलं, म्हणजे साधारण २,००० मीटरवरून ४,२०० च्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. वरण शिजता शिजेना. यांचं डोकं दुखायला लागलं, मग उलट्या झाल्या, आणि रात्री दहाच्या सुमारास बसल्या जागी धाप लागली. हिला गाडी चालवता येत नाही. मोबाइलला रेंज नव्हती.

तेव्हा कळलं, की आपल्या डब्यात सगळं आहे, फक्त माणूस नाही.

शंभर पावलांवर ताडपत्रीचा एक ढाबा होता. संध्याकाळी तिथल्या बाईने चहाला हाक मारली होती, तर आम्ही आतूनच हात हलवून 'हमारे पास है' म्हटलं होतं. आता त्याच दारात ही रडत उभी राहिली. बाईने एक शब्द विचारला नाही. भाच्याला उठवलं. त्याने किल्ली घेतली, यांना मागे तक्क्याला टेकवून बसवलं, आणि अंधारात, ओढ्यांचं पाणी रस्त्यावरून वाहत असताना गाडी खाली केलाँगच्या दवाखान्यात आणली. तिथे ऑक्सिजन लावला. पहाटे यांनी पाणी मागितलं, तेव्हा हिच्या जिवात जीव आला.

सकाळी त्या मुलाला आम्ही पैसे देऊ केले. त्याने नाही म्हटलं. आम्ही खिशात कोंबायला गेलो, तर त्याने हात धरला. शेवटी हिने शेवेची पिशवी पुढे केली. ती मात्र त्याने लगेच घेतली. 'अरे, इसकी क्या ज़रूरत' वगैरे काही नाही. तिथेच फोडली, मूठभर तोंडात टाकली, 'तीखा है, मौसी को पसंद आएगा' म्हणाला, आणि वर जाणाऱ्या ट्रकमध्ये चढून निघून गेला.

आम्ही बघत राहिलो. त्या पोराला घेता येत होतं. आम्हाला पासष्टीनंतरही येत नव्हतं.

डॉक्टरांनी वर जायला मनाई केली, लेह राहिलं. परतीच्या वाटेवर दोन दिवस एकच विचार चालू होता. आपण दान करतो, अन्नछत्रात वाढतो, आणि त्याला सेवा म्हणतो. मग कोणी आपल्याला द्यायला आलं की त्याला सेवेची संधी का नाकारतो? देणाऱ्याचा हात वर असतो. तो हात कायम आपलाच असावा, असं तर वाटत नाही ना? आपल्याच भागातल्या अन्नपूर्णेची कथा आठवा. तिच्यापुढे भिक्षापात्र घेऊन साक्षात शंकर उभे राहिले. सुदामा पोहे लाजून लपवत होता, ते द्वारकेच्या राजाने ओढून घेतले आणि मित्राचा मान राखला. वारीत पाहा, भाकरी वाढणारा वारकऱ्याच्या पाया पडतो आणि वारकरीही त्याच्या पाया पडतो. तिथे वर कोणाचाच हात नसतो.

याचा अर्थ मागत सुटावं असा नाही. फुकट मिळतंय म्हणून ओरबाडणं वेगळं. हाव वस्तूकडे बघते, स्वीकार माणसाकडे बघतो. एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ.

आता जे सांगायला जड जातं ते. पाच वर्षांपूर्वी हिचं ऑपरेशन झालं, तेव्हा धाकटे भावजी पाकिटात पन्नास हजार घेऊन आले होते. आमच्याकडे पैसे होते. आम्ही पाकीट तिथल्या तिथे परत केलं. वर म्हटलं, 'आम्हाला कोणाचं लागत नाही.' तत्त्वाने वागलो असंच वाटत होतं. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर दिवाळीला फोन यायचा, माणूस यायचा नाही. आम्ही त्यांनाच दोष देत राहिलो.

इंदूरला आल्यावर यांना महिनाभर गाडी चालवायची नाही असं सांगितलंय. एरवी आम्ही रिक्षा केली असती. या वेळी यांनी फोन लावला, 'बाळ, दर गुरुवारी आम्हाला सत्संगाला नेशील का रे?' पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, 'किती वाजता येऊ?'

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी गाडी दाराशी होती. पाकिटाचा विषय अजून कोणी काढलेला नाही. माफी आम्हालाच मागायची आहे, आणि ती मागायची हिंमत गुरुदेवांनी द्यावी, एवढीच प्रार्थना.

या आठवड्यासाठी आम्ही एक छोटा नेम घेतलाय, जमला तर तुम्हीही घ्या. घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाकडे काहीतरी मागायचं. वाटीभर साखर, अर्धा तास, एखादा सल्ला, काहीही. आणि दिलं की 'कशाला, कशाला' न म्हणता घ्यायचं.

॥ जय गुरुदेव ॥