खर्जाची तार

शास्त्रपाठ : १ करिंथ १४ : ७

ह्या वचनात प्रेषित पौलाने पावा व वीणा ह्या निर्जीव वाद्यांचा दाखला घेतला आहे. त्याचे म्हणणे असे की, वाद्याचे स्वर स्पष्ट व निरनिराळे उमटले नाहीत, तर काय वाजत आहे हे ऐकणाऱ्यास कळावे कसे? पौलाच्या काळी जे वाद्य कोणास ठाऊक नव्हते, अशा एका वाद्याच्या तारांकडे आज आम्ही प्रिय वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वसईच्या किनारपट्टीवर सांडोरसारखी जी जुनी ख्रिस्ती गावे आहेत, तेथे गाण्यावाजवण्याची आवड फार. लग्नकार्यात काय किंवा उपासनेत काय, आता गिटारीच्या जोडीस बेस गिटारही वाजू लागली आहे. सन १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर ह्या कारागिराने हे विजेवर चालणारे वाद्य विक्रीस आणले. त्यास बहुधा चारच तारा असतात, व सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. मिरजेच्या तंबोऱ्यावर जे काम खर्जाची तार करते, तेच काम गायकवृंदात ही करते. ती वाजत असता तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती थांबली म्हणजे मात्र गाणे अधांतरी झाल्यासारखे वाटते. मंडळीतही अशी माणसे असतात. पहाटे मंदिर झाडणारी बाई, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारा शेजारी, ह्यांचे नाव अहवालात येत नाही. परंतु सर्वांचे गाणे त्यांच्यावरच उभे असते.

पहिली गोष्ट, ह्या तारेची घडण. खोल स्वर हवा तर तार जड पाहिजे. पण एकच जाड सळई ताणली तर ती ताठ राहते व नीट वाजत नाही. म्हणून आत पोलादाची बारीक तार घेऊन तिच्याभोवती दुसऱ्या तारेचे वेटोळे घट्ट गुंडाळतात. येणेकरून भार वाढतो आणि लवचिकपणाही टिकतो. अशी एकेक तार सुमारे १८ किलो वजनाच्या ओढीने ताणलेली असते. ओढ नसेल तर स्वरही नाही. बंधुजनहो, आपणांवर संसाराचा भार आहे, संकटाची ओढ आहे, म्हणून देवाने आपणांस टाकले असे समजू नये. भार बाहेरून कितीही गुंडाळला जावो, आतले अंतःकरण ताठ न होता नम्र राहिले, म्हणजे त्यातूनच खोल स्वर निघतो.

दुसरी गोष्ट, ही तार मरते कशी? पातळ तार तटकन तुटते. खर्जाची जाड तार क्वचितच तुटते. ती न तुटताच मरते. वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम, तेलकटपणा व त्वचेचा मळ वेटोळ्यांच्या फटींत साचतो. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेने गंज लवकर धरतो. प्रथम स्वरातील चकाकी जाते. पुढे मळ व झीज कोठे अधिक, कोठे उणी अशी झाली, म्हणजे तार एका ठिकाणी सुरात तर दुसऱ्या ठिकाणी बेसूर बोलते. लक्षात घ्या, हा मळ शत्रूच्या हातचा नव्हे. तो रोज वाजवणाऱ्या हाताचाच होय. विश्वासही क्वचितच एका घावाने तुटतो. नित्याच्या व्यवहारात एक लहानसे असत्य, भावाविषयी धरलेली एक अढी, घाईत उरकलेली प्रार्थना, असा थर बसत जातो. मनुष्य मंदिरात येतो, गातो, वर्गणी देतो. तार जागच्या जागी दिसते, पण स्वर गेलेला असतो.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. जुने ते सर्व मेलेले असे मानू नका. डेट्रॉईट शहरी जेम्स जेमरसन (१९३६-१९८३) नावाचा विख्यात बेसवादक होऊन गेला. तार तुटल्याखेरीज तो ती बदलीत नसे असे सांगतात. त्याच्या तारांवर चपट्या पट्टीचे वेटोळे होते, तशा तारा पुष्कळ दिवस टिकतात. त्यांची चकाकी गेली होती, तथापि त्याच्या त्या घुमणाऱ्या स्वरावर कितीएक गायक निर्धास्त उभे राहिले. चकाकी जाणे निराळे आणि सूर जाणे निराळे. म्हाताऱ्या भावाबहिणींचा आवाज कापत असेल, पण त्यांचा सूर खरा असेल, तर त्यांस बाजूस सारू नका.

आता उपाय. मळलेल्या तारा काढून पाण्यात उकळण्याची चाल वादकांत आहे. त्याने मळ सुटतो, चकाकी परत येते. पण ती थोडेच दिवस टिकते, आणि आत ओल राहिली तर गंज वाढतो. वर्षातून एकदा उज्जीवन सभेत डोळे पाणावून घ्यावेत व वर्षभर अंतःकरणाकडे पाहू नये, ही रीत अशीच आहे. आम्ही उज्जीवनाचा निषेध करीत नाही. पण अधिक खात्रीचा उपाय अगदी साधा आहे. वाजवून झाले की वाद्य खाली ठेवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने तार पुसावी. क्षणभराचे काम, परंतु नित्याचे.

तर मग प्रियजनहो, आज निजण्यापूर्वी आपण आपली तार पुसू या. ज्याच्याशी बोलणे तोडले असेल त्याचे नाव देवासमोर घेऊ या, आणि उद्या सकाळी त्याच्या दारी जाऊ या. उद्यावर टाकलेला मळ उद्या अधिक घट्ट होतो. आणि ज्या तारेस आपण होऊन स्वच्छ होता येत नाही, तिला पुसणारा हात प्रभूचा आहे, हे विसरू नये. तो आम्हां सर्वांस सुरात राखो. आमेन.