निवड आणि परतीची वाट : ‘विचर’च्या माध्यमांतरातील एक नैतिक प्रश्न

कथेने नैतिक पेच वाचकापुढे मांडणे आणि खेळाने तो खेळणाऱ्याच्या हाती सोपवणे, या दोन कृती वरवर सजातीय वाटतात. वस्तुतः त्या तशा नाहीत. आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाने १९८६ साली आरंभलेली ‘विचर’ ही अद्भुतकथामालिका आणि ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या संस्थेने २००७ ते २०१५ या काळात तिच्यावरून रचलेले तीन संगणकीय खेळ शेजारी ठेवले की हा भेद उघड होतो.

१९९३च्या संग्रहातील एका कथेत जादूगार आणि रेन्फ्री हे दोघेही गेराल्टला एकमेकांच्या वधाची गळ घालतात; दोघांचाही आधार ‘कमी अनिष्ट’ हाच. दोन अनिष्टांतून निवडच करायची नाही, ही गेराल्टची भूमिका. अखेर बाजारात होऊ घातलेली कत्तल टाळण्यासाठी तो तलवार उपसतो आणि रेन्फ्री मरते. कत्तल झालीच असती का, याचा निर्वाळा कथा देत नाही. गावकरी मात्र त्याच्यावर दगड उचलतात. तटस्थता टिकत नाही, हा येथील आशय होय.

पहिल्या खेळात नेमके हेच उलटते. माणसांचा धर्मसंघ आणि बंडखोर एल्फ यांच्या संघर्षात तटस्थतेचा तिसरा मार्ग खेळणाऱ्याला आयताच मिळतो. शिवाय स्त्रीशी संग घडला की तिच्या चित्राचा पत्ता संग्रहात जमा होतो! मूळ लेखनातील एकाकीपणाची याहून स्वस्त वासलात लावता आली नसती.

२०१५चा खेळ वेगळ्या योग्यतेचा आहे. टेकडीखाली कोंडलेल्या आत्म्याला मुक्त केले तर अनाथ मुले वाचतात, पण बॅरनची पत्नी मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारले तर ती जगते, मुले मात्र नाहीशी होतात. निवडीच्या क्षणी यातले काहीच खात्रीने ठाऊक नसते, आणि पाप-पुण्याचा आकडाही पडद्यावर उमटत नाही.

येथे वेताळाची आठवण अपरिहार्य आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सामावून घेतलेल्या या कथांत प्रश्न येतो तो गोष्ट संपल्यावर, राजाने करायचा तो निवाडा, कृती नव्हे. पण उत्तर ठाऊक असून मौन राखल्यास मस्तक फुटेल, हा धाक खरा असतो. नायगावच्या एखाद्या पारावर ही गोष्ट सांगितली, तरी ऐकणारा त्या धाकातून सुटत नाही. खेळात मस्तक फुटले तरी जतन केलेल्या स्थळी परतता येते. वाचकही पाने मागे उलटतो, हा आक्षेप फसवा आहे : मागच्या पानावर जिवंत असलेली रेन्फ्री पुढच्या पानावर मरतेच. बॅरनचे मरण मात्र अनेक शाखांपैकी एक ठरते.

तरीही, परतता येत असून जो परतत नाही, त्याने पत्करलेली जबाबदारी वाचकाच्या हतबलतेहून अधिक मोलाची मानावी लागेल. खेळाचे खरे सामर्थ्य या शक्यतेत आहे. परंतु रचना स्वतःच ती विरळ करते. मुलीसारख्या सिरीच्या जिवावर बेतलेले असताना गेराल्ट खानावळीत हवे तितके दिवस पत्ते खेळत बसू शकतो, आणि तिचा पाठलाग करणारे तोवर मुकाट्याने थांबून राहतात.