शंभर टक्के कोणाचे?

वाढत्या मेंदूवरच्या शोधनिबंधांतले तक्ते वाचताना एक रीत सारखी दिसते. प्रौढ प्राण्याच्या मेंदूतली एन्झाइमची क्रियाशीलता १०० धरायची आणि पिल्लाला तिच्या टक्क्यांत मोजायचं. मोजमापाला आधार लागतोच. पण अशा तक्त्यात पिल्लाचा मेंदू न सांगताच अपुरा ठरतो, आणि ते काही मला पटत नाही.

पेज, क्रेब्ज आणि विल्यमसन यांनी १९७१ मध्ये उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतली, कीटोन वापरणारी एन्झाइमं मोजली. (हे क्रेब्ज म्हणजे सायट्रिक आम्लचक्रवालेच.) त्यांतल्या दोघांची क्रियाशीलता जन्मताना प्रौढाच्या सुमारे दोन-तृतीयांश होती. पिल्लं अंगावर पीत होती तोवर ती चढत गेली आणि दूध सुटायच्या वेळी प्रौढाच्या तिप्पट झाली. पुढे हळूहळू उतरली. त्या पिल्लाला १०० धरलं, तर प्रौढ उंदीर ३३च्या आसपास येतो!

कारण दुधात आहे. उंदराच्या मादीचं दूध स्निग्धांशाने दाट असतं. त्या चरबीपासून पिल्लाचं यकृत कीटोन बनवतं आणि मेंदू ते जाळतो. शिवाय त्याच कार्बनमधून कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं घडवतो. चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढायचं तर ती हवीतच. चुलीचं सरपण आणि छपराचे वासे एकाच मोळीतून निघावेत, तसं हे. ग्लुकोज पुरता जाळायला लागणारं पायरुव्हेट डिहायड्रोजनेज मात्र जन्मानंतर बऱ्याच दिवसांनी जोर धरतं.

याला उशीर म्हणायचं, तर गिनीपिगकडेही बघावं लागेल. त्याचं पिल्लू उघड्या डोळ्यांनी जन्मतं, लगेच पळू लागतं. त्याच्या मेंदूतली ऊर्जेची एन्झाइमं गर्भातच बरीचशी तयार झालेली असतात. म्हणजे जन्मतारखेला इथे फारसा अर्थ नाही.

आणखी एक पथ्य. मेंदूचा लगदा करून, परीक्षानळीत कच्चा माल मुबलक देऊन मोजतात ती कुवत. प्रत्यक्ष काम रक्तात कीटोन किती आहेत यावरही ठरतं. १९६७ मध्ये केहिल यांच्या गटाने दाखवलं, की कित्येक आठवडे उपाशी असलेल्या माणसांचा मेंदू ऊर्जेची गरज मोठ्या प्रमाणात कीटोनवर भागवतो. प्रौढ उंदरांना उपाशी ठेवलं तरी ही एन्झाइमं वाढत नाहीत. रक्तातले कीटोन वाढले, की आहेत तेवढीच कामाला लागतात.