सार्वजनिक बागेतील फुलाचा धनी

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन वर्ग केले असून, यज्ञयागादी कर्मे इष्टात, तर लोकांसाठी विहिरी, तळी, देवालये आणि बागा निर्माण करणे पूर्तात मोडते. पूर्तकर्माची सांगता ‘उत्सर्गा’ने, म्हणजे त्या वस्तूवरील स्वामित्व विधिपूर्वक सोडून देण्याने, होते. दान आणि उत्सर्ग यांतील भेद महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी नेमका मांडला आहे: दानात वस्तूला नवा धनी मिळतो आणि दात्याचा तिच्याशी संबंध संपतो, उत्सर्गात ती सर्वांसाठी सोडलेली असल्यामुळे त्या सर्वांपैकी एक म्हणून दाताही तिचा उपयोग करू शकतो. वडिलांच्या स्मरणार्थ बागेला बाक देणारा गृहस्थ त्याच बाकावर जागा रिकामी होण्याची वाट पाहत उभा राहतो, तेव्हा तो नकळत हाच नियम पाळत असतो.

अर्थात या ‘सर्वां’त सगळे कधीच नव्हते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव करूनही त्याचे पाणी पिण्यासाठी अस्पृश्यांना १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

आजच्या उद्यानात ‘सर्वांसाठी’ म्हणजे कोणासाठी, हा प्रश्न पहाटे, अगदी सात्त्विक वेषात उभा राहतो. ‘फुले तोडू नयेत’ या पाटीशेजारीच पिशवी आणि आकडी घेतलेला पूजक जास्वंदीची फांदी वाकवतो, आणि देवासाठी नेलेले फूल ही चोरी नव्हे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तिला आधारही आहे. गाईसाठी गवत, अग्नीसाठी इंधन आणि वेली-वृक्षांची फुले परक्याची असली तरी आपली समजून घ्यावीत, असे गौतमधर्मसूत्र सांगते. परंतु ही मुभा एका धन्याच्या हक्काला घातलेली मुरड आहे. जेथे धनीच नाही, तेथे तोडलेले फूल इतर सर्वांच्या वाट्यातून जाते, आणि उत्सर्ग सर्व भूतांसाठी असल्याने त्या वाटेकऱ्यांत मधमाशीही येते. शासनही येथे धनी नव्हे. बंगळूरमधील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्दच ठरवला.

पूजकाची अडचण मात्र परंपरेनेच सोडवून ठेवली आहे: जमिनीवर पडलेले फूल एरवी देवाला वाहत नाहीत, पण प्राजक्ताचे चालते.