लोखंड आणि नियत

रेडीच्या माणसाला लोखंडाचे अप्रूप नाही. ते आमच्या पायाखालच्या मातीतच आहे. लाल धूळ, खनिजाचे ट्रक आणि बंदरातल्या बोटी पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरीही एक लोखंडी वस्तू घ्यायची की नाही, या प्रश्नाने आमचे घर दीड महिना ढवळून निघाले. ती वस्तू म्हणजे पॉइंट टू टूची एक जुनी रायफल.

रायफल गावातल्या एका वृद्ध काकांची. खाणीतल्या नोकरीच्या काळात त्यांनी हौसेने घेतलेली. आता हात कापतात, मुले मुंबईला. आमचा धाकटा भाऊ कोल्हापूरला असतो आणि तिथल्या एका रायफल क्लबचा सभासद आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात अशा सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी या बोअरच्या रायफलीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परवाना त्याला मिळालेला होता. नवी रायफल घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून आम्ही दोघे काकांकडे गेलो.

खाऱ्या हवेने नळीवर गंजाचे ठिपके पडले होते, दस्त्याला चीर गेली होती, बोल्ट अडखळत होता. भावाने ती खांद्याला लावली आणि सहज चाप ओढला. काका एकदम ओरडले, “रिकामो चाप ओढू नको रे झिला, तोंड बिघडता!” मग त्यांनी समजावून सांगितले. या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला मध्यभागी नसतो, बुडाच्या काठात असतो. म्हणून पिन काठावर आपटते. काडतूस नसेल तर ती थेट नळीच्या तोंडावर आपटते आणि तिथले पोलाद हळूहळू चेपते. आम्ही शरमलो. शाळेत मुलांना ‘हात लावण्याआधी विचारा’ म्हणून शिकवणारे आम्हीच.

परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे असेल, तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. आम्हाला हा कागदी खोळंबा वाटला होता. प्रत्यक्षात याच दिवसांनी आम्हाला विचार करायला लावले.

अम्मीचा प्रश्न सरळ होता. “जी चीज जीव घ्यायला बनली, ती दुरुस्त करणं म्हणजे त्या कामाला हात लावणं नाही का?” शेजारच्या चाचांचा प्रश्न वेगळा होता. “आपल्या घरात बंदूक? उद्या कुठे काही झालं तर पहिलं दार कुणाचं ठोठावतील?”

चाचांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने वर्तमानपत्र वाचले आहे, त्याला ती समजते. पण आमच्या जिल्ह्यात शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, संपली की परत घरी येतात. रानडुकरांनी भाताची नासाडी केली म्हणून शेतकरी बार काढून आवाज करतो. विनापरवानगी डुक्कर मारले तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, हेही तो जाणतो. त्याच्या बंदुकीला कोणी भीत नाही. मग आम्ही स्वतःला विचारले, आपण ही रायफल नाकारतो आहोत ती चूक आहे म्हणून, की आपल्याला भीती वाटते म्हणून? भीतीला नीतीचे नाव देणे हीसुद्धा एक अप्रामाणिकता आहे. आणि उलटही खरे, हौसेला हक्काचे नाव देणे हीसुद्धा.

अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठीण होते. भाऊ म्हणाला, माझी नियत साफ आहे, मला फक्त कागदावरचे वर्तुळ भेदायचे आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही पॉइंट टू टूच्याच रायफलीने. हे सारे खरे. पण याच लहानशा काडतुसाची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, आणि वाटेत कोण उभे आहे हे ती विचारत नाही. नियत माणसाच्या दिलात असते, गोळीत नसते. म्हणून नुसत्या चांगल्या नियतीवर हा प्रश्न मिटत नाही.

कुरआनात लोखंडाच्या नावाची एक सूरत आहे, सूरह हदीद. तिथे लोखंडातली भयंकर ताकद आणि माणसांसाठी असलेले त्याचे फायदे यांचा उल्लेख एकत्रच येतो. रेडीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. एकाच मातीतून नांगराचा फाळ निघतो आणि नळीही. प्रश्न लोखंडाचा नाही, ते ज्याच्या ताब्यात आहे त्याने ते अमानत म्हणून सांभाळले की नाही, याचा आहे.

परीक्षाही लगेच झाली. एका ओळखीच्या लोहाराने बोल्ट दोन दिवसांत, निम्म्या पैशांत ठीक करून देतो म्हटले. “कोण बघतंय?” शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो, हे आम्हाला ठाऊक होते. खरे सांगायचे तर भाऊ आणि आम्ही रात्रभर डळमळलो. पैसा थोडाच होता. पण ज्या साफ नियतीचा दाखला आम्ही अम्मीला देत होतो, ती पहिल्याच वळणावर स्वस्तात विकल्यासारखे झाले असते. शेवटी परवाना असलेल्या कारागिराकडे ती दिली. नळीत साचलेले शिसे निघाले, गंज उतरला, पिन बदलली, दस्त्याची चीर जोडली गेली. महिने लागले, पैसेही ठरल्याहून जास्त गेले.

काहीजण म्हणाले, गंजू दिली असती तर बरे झाले असते. आम्हाला तसे वाटत नाही. गंजलेली रायफल निरुपद्रवी नसते. खराब कोठीत काडतूस फुटले तर गरम वायू चालवणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. तिला कायमची निकामी करणे हा एक प्रामाणिक मार्ग होता, नीट करून जपणे हा दुसरा. दुर्लक्ष करणे म्हणजे अहिंसा नव्हे.

अम्मीचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. रायफल कोल्हापुरात कुलपात असते, बोल्ट वेगळा, काडतुसे वेगळी. रविवारी भावाचा फोन येतो. अम्मी आधी खाण्यापिण्याची चौकशी करते, नंतर मुलांची, आणि फोन ठेवण्याआधी न चुकता विचारते, “कुलूप लावलंस ना?” पूर्वी तो चिडायचा. आता उठून कुलूप हाताने ओढून पाहतो आणि मगच ‘हो’ म्हणतो.