चवीपुरते मीठ

नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगीच उपस्थित होतात, अशी आपली एक समजूत असते. राज्य सोडून वनात जावे की न जावे, स्वजनांवर शस्त्र धरावे की न धरावे, अशा पेचांतच धर्माधर्माचा निर्णय करावा लागतो. एरवीचे आयुष्य केवळ सवयीने चालते, असे आपण धरून चालतो. मीही तीस वर्षे विद्यार्थ्यांना ह्याच रीतीने नीतिशास्त्र शिकवीत आलो. परंतु गेल्या वर्षी सुपाच्या एका वाटीने मला ह्या समजुतीचा फेरविचार करावयास लावले. हकीकत अगदी क्षुल्लक आहे. तथापि तीतून निघणारा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

आमचे बिऱ्हाड भाईंदरच्या पूर्वेस, नवघरला आहे. एका काळी हे मिठागरांच्या शेजारचे खेडे. १९८५ साली येथे मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि आता ‘नवघर’ ह्या नावात जेवढे गाव शिल्लक आहे तेवढेच आहे. घरात माणसे चार : माझी आई, पत्नी, मुलगा आणि मी. आईचे वय त्र्याऐंशी. मोठ्या दुखण्यातून ती उठली तेव्हा डॉक्टरांनी तिला काही महिने पातळ अन्न आणि बेताचे मीठ सांगितले. ही बातमी परदेशी असलेल्या मुलीला कळताच तिने एक सुरेख इंग्रजी पुस्तक पाठविले. त्यात ५२ प्रकारची सुपे सांगितली होती. वर्षाच्या प्रत्येक आठवड्यास एक. मी त्याच दिवशी जाहीर केले की, दर रविवारी ह्यातले एक सूप मी स्वतः करीन, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकही न गाळता पुस्तक तडीस नेईन. आई म्हणाली, “सुपे कसली रे? धान्य पाखडायची?”

आईचा विनोद वाटतो तितका अडाणी नव्हता. संस्कृतात ‘सूप’ म्हणजे वरण, डाळीचे कालवण. ते करणारा तो सूपकार, म्हणजेच आचारी. आणि त्यावरून सगळ्या पाकविद्येलाच सूपशास्त्र म्हणू लागले. मराठीत पाककलेवरचे जे पहिले छापील पुस्तक मानले जाते, त्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या पुस्तकाचे नाव ‘सूपशास्त्र’ असेच आहे. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ निघाले, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. जुन्या स्वयंपाकघरात शेर, पावशेर, तोळा ह्यांचे राज्य होते. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे हाती दिली आणि नव्याने संसार मांडणाऱ्या असंख्य मुलींची चिंता हलकी केली. जी विद्या सासूने सुनेला चुलीपाशी बसवून द्यावयाची, ती पुस्तकाने परस्पर देऊन टाकली. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडलेल्या माणसाला, आणि माझ्यासारख्या पन्नाशी उलटेपर्यंत चहापलीकडे न गेलेल्या पुरुषालाही, ह्या विद्येत त्यामुळे प्रवेश मिळाला. हा उपकार लहान नव्हे.

तर असा मी पाककर्मास प्रवृत्त झालो. पहिले काही रविवार मोठ्या उत्साहात गेले. पुस्तकात सांगितलेली परदेशी पात बाजारात मिळेना, तेव्हा तिच्या जागी पातीचा कांदा घातला. मलईऐवजी साय घुसळली. झालेल्या सुपापुढे मी पेन्सिलीने खूण करी आणि तारीख घाली. मुलगा त्याची छायाचित्रे काढून बहिणीला पाठवी. शेजारी कौतुकाने विचारीत, “सर, आज कितवे?” महाविद्यालयातील सहकाऱ्यांनी मला बल्लवाचार्य ही पदवी दिली. सूप झाल्यावर ओट्यावर उरणाऱ्या भांड्यांचा मात्र ह्या कौतुकात कोठेच समावेश नव्हता. ती कोण घासून जागेवर लावीत होते, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि मनावर घेणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

एकोणिसावा रविवार पावसाळ्यातला होता. पत्नीला सकाळपासून कणकण होती. आईचे तोंड बेचव झाले होते. ती म्हणाली, “अरे, आज ते तुझे राहू दे. मुगाचे कढण कर थोडेसे. जिऱ्याची फोडणी घाल.” मी म्हणालो, “आई, आज कोबीच्या सुपाची पाळी आहे. कढण उद्या करू.” ती गप्प राहिली. सूप पुस्तकाबरहुकूम झाले. आईने दोन चमचे घेतले, “बरे आहे हो,” म्हणाली आणि वाटी बाजूला सारली. मी पुस्तक उघडून एकोणिसावी खूण केली.

रात्री नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात दिवा दिसला. अंगात ताप असताना पत्नी उठून मुगाची डाळ घोटीत होती. मी म्हटले, “अगं, मला सांगायचे होते.” ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “सकाळी आईंनी सांगितलेच होते की तुम्हांला.”

त्या रात्री पुस्तकातील एकोणीस खुणा मला टोचू लागल्या. माझा गुन्हा तरी कोणता होता? मी आळस केला नव्हता; चार तास ओट्यापाशी उभा होतो. घेतलेला नेम मोडला नव्हता. आणि तरीही भुकेल्या आईला तिने मागितलेले अन्न माझ्या हातून मिळाले नव्हते. आईसाठी सुरू झालेला नेम कधी नेमासाठीच चालू लागला, ते मला कळलेही नव्हते. पहिल्या रविवारी सूप हे साधन होते आणि आई साध्य होती. एकोणिसाव्या रविवारी पुस्तक पुरे करणे हे साध्य झाले आणि आई ते पुरे करण्याचे साधन. मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवू नये, हे कांटचे १७८५ सालचे सूत्र मी किती वर्गांना शिकविले असेल! त्या दिवशी ते माझ्याच स्वयंपाकघरात मोडले, आणि तेही परोपकाराच्या नावाने.

आपल्या मीमांसकांनी कर्माचे जे भेद केले आहेत ते येथे मला अधिक उपयोगी पडले. कर्मे तीन प्रकारची : नित्य, नैमित्तिक आणि काम्य. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करावयाचे. केले तर फळ, न केले तर दोष नाही. नित्यकर्माची गोष्ट उलटी आहे. ते केल्याने विशेष पुण्य पदरी पडत नाही, मात्र न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो, असे एक जुने मत आहे. शिष्यदशेत हे मत मला चमत्कारिक वाटे. ज्याचे फळ नाही ते कर्म कोण करील? आता दिसते की हे वर्णन आपल्या घरोघरच्या रोजच्या रांधण्याला तंतोतंत लागू आहे. वरणभात वेळेवर झाला तर त्याची कोणी नोंद करीत नाही. नाही झाला तर सारे घर विचारते, आज काय झाले? आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. दिवसाला दोन वेळा म्हटले तर २०,४४० वेळा घरात स्वयंपाक झाला. माहेरपण, प्रवास आणि आजारपण सढळ हाताने वजा केले तरी १८ हजार वेळा एकच व्यक्ती चुलीपाशी उभी राहिली. त्यांतल्या एकाही वेळेपुढे पेन्सिलीची खूण नाही. माझे रविवारचे सूप मात्र शुद्ध काम्य कर्म होते, आणि त्याचे फळ मी दर आठवड्यास रोख घेत होतो.

पुराणांतही हाच प्रकार दिसतो. उत्तम स्वयंपाकाला आपण नळपाक म्हणतो. विराटाच्या पाकशाळेत बल्लव नाव घेऊन राहिलेल्या भीमाची कीर्ती सांगतो. राजांनी रांधले तर त्याची कथा होते. पण त्याच नळाच्या आख्यानात एक मर्माची गोष्ट आहे. रूप पालटून बाहुक झालेल्या नवऱ्याची दमयंतीने परीक्षा केली, तेव्हा त्याने शिजविलेले अन्न आणवून चाखले आणि त्या चवीत तिला त्याचा हात ओळखू आला. अन्नाच्या चवीत मनुष्य असतो, हे ह्या कथेने सांगितले आहे. माझ्या एकोणीस सुपांत तो किती होता, हे मला सांगवत नाही.

येथे दोन आक्षेप निघतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, नेम नसता तर मी शिकलोच नसतो. हे खरे आहे. पुस्तकाचे अक्षर प्रमाण मानून त्यापुढे आपली लहर वाकविणे ही नवशिक्याला आवश्यक अशी शिस्त आहे. जो पहिल्या दिवशीच ‘मी माझ्या अंदाजाने करीन’ म्हणतो त्याच्या हातून बहुधा काहीच होत नाही. परंतु शिस्त ही शिकण्याची पायरी आहे, आणि पायरीवर घर बांधता येत नाही. नियम कोणासाठी आहे हे विसरून पाळला म्हणजे त्याचा हट्ट होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रोजचे रांधणे नित्यकर्म म्हणता, पण ते त्या एकाच व्यक्तीचे नित्यकर्म कोणी ठरविले? ह्याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि नाही हेच त्याचे उत्तर आहे. शास्त्र कर्म सांगताना त्याचा अधिकारीही सांगते. येथे अधिकार ठरविला तो वहिवाटीने. आणि वहिवाट कितीही जुनी असली तरी केवळ जुनेपणाने न्याय्य होत नाही. निष्काम कर्मावर व्याख्याने मी द्यावी आणि ते आचरणारी व्यक्ती आत भाकरी थापीत असावी, ही वाटणी सोयीची होती, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल. म्हणून गृहिणीचा गौरव करून हा प्रश्न मिटविण्याची जी आपली रीत आहे, ती मला आता पटत नाही. तिला अन्नपूर्णा म्हणणे फार स्वस्त पडते. देवीला मदतीची गरज नसते, असे आपण त्या नावाआडून गृहीत धरतो. ज्याला नित्यकर्माची थोरवी खरोखर पटली, त्याने स्तुती करू नये. त्यातला वाटा उचलावा.

मी तो उचलण्याचा प्रयत्न करीत आहे. पुस्तक एकोणिसाव्या सुपापाशी थांबले आहे. त्याऐवजी संध्याकाळचा स्वयंपाक रोजचा माझ्याकडे आला. भाकरी अजून वाकडी होते. परीक्षेच्या दिवसांत दोन आठवडे मी सरळ चुकारपणा केला, तेही कबूल केले पाहिजे. पहिल्या महिन्यानंतर माझे कौतुक बंद झाले. प्रथम मला ते लागले. मग वाटले, ज्या दिवशी कोणी काही म्हणत नाही त्या दिवशीच मी खरा कामाला लागलो. कांट म्हणेल, आवड नसताना केवळ कर्तव्य म्हणून उभा राहिलास तेव्हा तुझ्या कृतीला मोल आले. ॲरिस्टॉटल म्हणेल, सत्कृत्यात आनंद वाटेपर्यंत तू सज्जन झालाच नाहीस. मला दोघांचेही पटते. पहिल्याचे सोमवारी, दुसऱ्याचे एखाद्या बऱ्या दिवशी.

एका गोष्टीकडे मात्र माझे लक्ष पुष्कळ उशिरा गेले. सारी पाकपुस्तके तपशिलाने बोलतात : डाळ इतकी, पाणी इतके, वेळ इतका. पण मिठापाशी आली की बहुतेक सगळी एकच शब्द लिहून मोकळी होतात : चवीपुरते. इतके दिवस मी तो शब्द वाचीत होतो आणि माझ्या चवीपुरते मीठ घालीत होतो. ह्या मिठागरांच्या गावात राहून मला हा साधा प्रश्न पडला नव्हता की, चव कोणाची? जेथे पुस्तकाचे प्रमाण संपते, तेथे जेवणाऱ्याला विचारावे लागते. परवा मुगाचे कढण केले तेव्हा फोडणी देण्यापूर्वी चमचाभर घेऊन आईकडे गेलो. तिने चाखले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “मीठ जरासे हवे. पण डॉक्टर रागावतील.”

मी किंचित लिंबू पिळले. ते पुस्तकात नव्हते.